बोयाला वळसा

वार्षिकांकासाठी लेख द्यावेत, अशी सूचना फलकावर लागली तेव्हा कोणता विषय घ्यावा या विचारात मी पडले. 'आजचा तरुण', 'परीक्षापद्धती', 'पावसाळ्यातील एक दिवस' हे विषय दरवर्षी कोणीतरी घेतेच. माझ्या मनात मात्र गेले वर्षभर एकच विषय घोळत आहे, आणि तो ऐकून मैत्रिणी हसल्या. मोबाईलवर शिडाच्या होड्यांच्या शर्यतीचा जो खेळ खेळतात, त्यात बोयाला वळसा घालण्याचे नियम कसे सुधारावेत, हा तो विषय. हसायला माझी हरकत नाही. पण हसून झाल्यावर लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढी विनंती आहे. कारण माझ्या मते हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

मी मढची. वडील मासेमारीच्या बोटीवर खलाशी आहेत, आई मासळी विकते. रोज सकाळी मढहून फेरीबोटीने वर्सोव्याला उतरायचे आणि तेथून बसने अंधेरीला कॉलेजात यायचे, हा माझा दोन वर्षांचा क्रम. समुद्र असा उशाशी असूनही बोटीवर मला कधी कोणी नेले नाही. आमच्या घरात समुद्रावर जाणे हे पुरुषांचे काम आणि टोपली बायकांची. अभ्यासासाठी म्हणून घेतलेल्या मोबाईलवर मला हा खेळ सापडला आणि सुकाणू पहिल्यांदा माझ्या हाती आले. मग ते काचेवरचे का असेना!

खेळ असा आहे. पंधरा-वीस खेळाडू जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून एकाच वेळी आपापल्या होड्या घेऊन उतरतात. शिडाच्या होडीला वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. कधी डावीकडून तर कधी उजवीकडून वारा घेत तिला नागमोडी चढावे लागते. वर एक बोया तरंगत असतो. त्याला ठरलेल्या बाजूने वळसा घालून वाऱ्याबरोबर खाली यायचे, खालच्या बोयाला वळसा घालायचा आणि पुन्हा वर चढायचे. असे फेरे पूर्ण करून जो शेवटची रेषा आधी ओलांडील तो पहिला. देवळात प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवतात, येथे बोया बहुधा डाव्या हाताला ठेवावा लागतो, एवढाच काय तो फरक. मोकळ्या पाण्यात होड्या दूरदूर असतात, तेथे भांडणाचे कारण नसते. पण बोया एक आणि होड्या वीस! अंधेरीला गाडी रिकामी झाली की जिन्याच्या तोंडाशी जे होते, तेच तेथे होते. शर्यत जिंकली किंवा हरली जाते ती बहुतेक वेळा त्या वळणावर. म्हणूनच वळशाचा नियम हा या खेळाचा कणा आहे असे मी म्हणते.

हा केवळ रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असेही कोणी समजू नये. शिडाच्या शर्यतींची जागतिक संस्था जी 'वर्ल्ड सेलिंग', तिने २०१८ साली या आभासी शर्यतींची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली. २०२१ साली ऑलिंपिक समितीने आभासी खेळांची मालिका घेतली, तेव्हा निवडलेल्या पाच खेळांत शिडाची शर्यत होती. २०२३ साली सिंगापूरला झालेल्या अशाच स्पर्धेतही ती होती. आणि खऱ्या शर्यतीचे म्हणाल, तर आपल्या मुंबईला ती परकी नाही. १९८२ च्या आशियाई खेळांचे यजमानपद दिल्लीकडे होते, पण दिल्लीला समुद्र कोठला? शिडाच्या शर्यती मुंबईच्या पाण्यातच झाल्या.

आता मूळ मुद्द्याकडे वळते. गेल्या जूनमधील गोष्ट. १ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. बोटी वर ओढलेल्या असतात आणि वडील घरी असतात. एका संध्याकाळी मी खेळत होते आणि ते मागे बसून पाहत होते. खालच्या बोयाकडे येताना एक होडी माझ्या स्पष्टपणे पुढे होती. बोयाजवळ ती पोचली तेव्हाही मी मागेच होते. तिने वळण थोडे रुंद घेतले, आणि ती व बोया यांच्यामधल्या फटीत मी माझी होडी घुसवली. ती आत वळली, होड्या एकमेकींना लागल्या, पडदा क्षणभर थबकला आणि शिक्षा झाली ती तिला. यंत्राने तिचा वेग काढून घेतला. मी आतून निसटले आणि तिसरी आले. त्या खेळातील माझा तो सर्वांत वरचा क्रमांक!

वडील म्हणाले, "तो तर आधी होता ना गो? मग जागा त्याचीच."

मी म्हटले, "बाबा, निकाल कॉम्प्युटरने दिला."

ते म्हणाले, "त्याला काय दिसलं ते राहू दे. तुला काय दिसलं?"

मला उत्तर देता आले नाही. चूक माझी होती असे सांगण्याची काहीतरी सोय असेल म्हणून मी सगळा पडदा धुंडाळला. तशी सोयच नव्हती. कोणत्या देशातील कोण खेळाडू होता देव जाणे; त्याच्या खात्यावर माझा गुन्हा लागला आणि माझ्या खात्यावर त्याची जागा.

दुसरा प्रसंग याच्या उलट आहे. कॉलेजला येताना बसमध्ये मी खेळत होते. सात बंगल्याच्या आसपास नेटवर्क गेले. ते परत आले तोवर माझी होडी बोयाच्या चुकीच्या बाजूने पुढे निघून गेली होती. मी लगेच माघारी फिरले आणि पुन्हा योग्य बाजूने वळसा घातला. पण यंत्राच्या लेखी एकदा चुकलेला बोया तो चुकलाच. मी पुढचे सगळे फेरे नीट पूर्ण केले आणि शेवटी पडद्यावर आले, 'शर्यत अपूर्ण'. म्हणजे एकदा चूक करून बक्षीस मिळाले, एकदा चूक सुधारूनही शिक्षा मिळाली. नियमात कोठेतरी पाणी मुरते आहे, असे मला तेव्हापासून वाटू लागले.

मग खऱ्या शर्यतीचा नियम काय आहे, हे पाहण्याचा मी नाद घेतला. नियमांचे पुस्तक इंग्रजीत. आमच्या घरात इंग्रजी पुस्तक उघडणारी मी पहिलीच, त्यामुळे शब्दकोश मांडीवर. त्यातील अठराव्या नियमाचे नाव आहे 'मार्क-रूम'. मार्क म्हणजे गुण आणि रूम म्हणजे खोली, एवढे मला शाळेपासून ठाऊक. तेव्हा ही गुणांची खोली कोणती, या कोड्यात माझी एक संध्याकाळ गेली. पुढे उमगले की मार्क म्हणजे बोया आणि रूम म्हणजे जागा. बोयाशी वळण्यापुरती जागा, असा त्याचा साधा अर्थ.

तो नियम एकदा समजला की फार सुंदर वाटतो. बोयाभोवती तीन होड्यांच्या लांबीएवढे एक क्षेत्र धरतात, त्याला झोन म्हणतात. दोन होड्यांपैकी पहिली होडी या झोनच्या कडेला पोचेल त्या क्षणी दोघी कशा होत्या, हे पाहायचे. त्या क्षणी दोघी शेजारी शेजारी असतील, म्हणजे मागचीची नाळ पुढचीच्या पिछाडीच्या पुढे आलेली असेल, तर बाहेरच्या होडीने आतल्या होडीला वळायला जागा दिली पाहिजे. पण त्या क्षणी एक स्पष्ट पुढे असेल तर जागेचा हक्क तिचा. मागचीने नंतर फटीत नाक खुपसून हक्क सांगता येत नाही. म्हणजे भांडण होण्याच्या आधीच, पाणी मोकळे असताना, हक्क ठरून जातो. धक्का लागला तेव्हा कोण कोठे होते हा प्रश्न मागाहूनचा. आमच्या वर्सोव्याच्या धक्क्यावर फेरीबोट लागली की आधी उतरणाऱ्यांना वाट द्यायची आणि मग चढायचे, हे जसे बोट लागण्याआधीच ठरलेले असते, तसेच हे.

शिवाय, दोघी शेजारी होत्या की नव्हत्या याबद्दल रास्त शंका असेल तर काय करावे, हेही पुस्तकात आहे. आधी शेजारी नव्हत्या आणि वेळेवर शेजारी आल्या की नाही हे नक्की सांगता येत नसेल, तर आल्या नाहीत असेच धरायचे. जी शेवटची स्थिती खात्रीची, तीच कायम. क्रिकेटमध्ये पायचीतचा पुनर्विचार मागितला आणि चित्रातून पुरेशी खात्री पटली नाही तर पंचांचा मूळ निर्णय कायम राहतो, त्याच्या जवळपासचे हे तत्त्व आहे.

बोया चुकीच्या बाजूने गेला तर? पुस्तक म्हणते, अंतिम रेषा ओलांडेपर्यंत चूक सुधारता येते. त्याची कसोटीही मोठी गमतीची आहे. होडीच्या मागे तिच्या वाटेवर एक दोरा सोडला आहे अशी कल्पना करायची. शर्यत संपल्यावर तो दोरा ताणला तर तो प्रत्येक बोयाला ठरलेल्या बाजूने टेकला पाहिजे. चुकून उलटा गेलेला दोरा आल्या वाटेने उलगडून पुन्हा नीट घातला की झाले. जाळ्याचा गुंता सोडवताना आमच्याकडे हेच करतात. गुंता झाला म्हणून जाळे फेकून देत नाहीत.

आणि बोयालाच होडी लागली तर? खेळाडूने आपणहून बाजूला होऊन एक पूर्ण गिरकी घ्यायची आणि पुढे जायचे. दुसऱ्या होडीचा हक्क मोडला तर दोन गिरक्या. कोणी शिट्टी वाजवण्याची वाट पाहायची नाही. आपली चूक आपल्याला कळली की शिक्षा आपणच घ्यायची, हे या पुस्तकात सुरुवातीलाच मूलतत्त्व म्हणून सांगितले आहे. गिरकी घेतली की प्रकरण मिटले. न घेता पुढे गेला, दुसऱ्याने तक्रार केली आणि सुनावणीत दोषी ठरला, तर मात्र त्या शर्यतीतून बाद.

हे वाचले आणि मला घरातील एक जुनी गोष्ट आठवली. मढ-वर्सोव्याकडे डोलीची जाळी असतात. ती समुद्रात खुंटांना बांधून ठेवतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींनी त्यांना वळसा घालून जायचे असते. मी लहान असताना एका रात्री वडील ज्या बोटीवर होते तिच्या पंख्यात दुसऱ्या कोणाचे तरी जाळे सापडून फाटले. काळोख होता, आसपास चिटपाखरू नव्हते. सकाळी तांडेल आणि वडील त्या जाळ्याच्या मालकाकडे स्वतः गेले आणि "आमच्याकडून फाटलं" म्हणून सांगून आले. मग दोन दिवस वडील त्यांच्या अंगणात बसून ते जाळे विणत होते. आईने विचारले, "कोणी बघितलं होतं का?" वडील म्हणाले, "आम्ही बघितलं होतं." मला तेव्हा त्याचे काही वाटले नाही. दोन दिवस बाबा घरी जेवायला नव्हते, एवढेच लक्षात राहिले.

समुद्रावर पंच नसतो, ही गोष्ट जगाच्या इतिहासातही नोंदलेली आहे. १९६८ साली इंग्लंडातून एकट्याने, कोठेही न थांबता, शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत लागली. नऊ जण निघाले. पूर्ण केली ती फक्त रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, ३१२ दिवसांत, २२ एप्रिल १९६९ रोजी. त्यांची 'सुहैली' ही होडी कोठली, ठाऊक आहे? आपल्या मुंबईची! कुलाब्याला सागवानी लाकडात ती बांधली होती. त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचे एक गृहस्थ होते. दक्षिणेची भूशिरे हेच त्या शर्यतीचे बोये; पण त्यांना वळसा न घालता ते अटलांटिकमध्येच फिरत राहिले आणि बिनतारी संदेशांतून खोटी ठिकाणे कळवत राहिले. कोणी पाहणारे नव्हते. पण खोट्या वळशाचे ओझे त्यांना पेलले नाही. जुलै १९६९ मध्ये त्यांची होडी सापडली ती रिकामी. नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपल्या बक्षिसाचे पाच हजार पौंड त्यांच्या कुटुंबाला देऊन टाकले. क्रोहर्स्टना मी दुष्ट म्हणत नाही. चूक कबूल करून माघारी फिरण्याची वाट आपल्याला उरली नाही असे ज्याला वाटते, त्याचे काय होते, हे मला त्यांच्या गोष्टीत दिसते.

आपल्याकडील नावे तर अभिमानाने घ्यावीत अशी आहेत. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई' या होडीतून चार ठिकाणी थांबून एकट्याने प्रदक्षिणा केली. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये न थांबता केली. दोघेही मुंबईहून निघाले आणि मुंबईलाच परतले. २०१७-१८ मध्ये 'तारिणी' घेऊन नौदलाच्या सहा महिला अधिकारी जगाला फेरी मारून आल्या, आणि त्याच होडीतून ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच जाऊन आल्या. ही बातमी मी आईला वाचून दाखवली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. या सर्वांनाही वळशाचे नियम होतेच: सर्व रेखावृत्ते ओलांडायची, विषुववृत्त ओलांडायचे, निदान २१,६०० सागरी मैल तोडायचे आणि जेथून निघालो तेथेच परत यायचे.

आता उपग्रह सर्व पाहतो आणि खेळात तर यंत्र सर्व पाहते. तेव्हा प्रामाणिकपणाची गरजच काय, असे कोणी विचारील. माझे म्हणणे नेमके येथेच आहे. यंत्राने निकाल देण्याचे काम हाती घेतले ते ठीक, पण त्या भरात खेळाडूचे चूक कबूल करण्याचे कामही त्याने काढून घेतले. खऱ्या नियमात दोन जागा आहेत: एक वळायला आणि दुसरी चूक मान्य करायला. खेळ करणाऱ्यांनी पहिली कशीबशी ठेवली, दुसरी ठेवलीच नाही. म्हणून मी पुढील चार सुधारणा सुचवते.

पहिली. बोयाभोवतीचा झोन पडद्यावर स्पष्ट दिसावा, आणि पहिली होडी त्याच्या कडेला पोचेल त्या क्षणी हक्क ठरवून तो दोघांनाही दाखवावा. 'जागा द्या' किंवा 'जागा तुमची' एवढे दोन शब्द पुरेत, आणि ते खेळाडूच्या भाषेत असावेत. धक्का लागल्यावर शिक्षा कळण्यापेक्षा धक्क्याआधी कर्तव्य कळलेले बरे.

दुसरी. नेटवर्क अडखळले आणि कोण कोठे होते याची यंत्रालाच खात्री नसेल, तर शेवटची खात्रीची स्थिती कायम धरावी. शंकेच्या प्रसंगी अंदाजाने शिक्षा देऊ नये. चांगले नेटवर्क असलेल्याची होडी केवळ त्याच कारणाने निर्दोष ठरू नये. सात बंगल्याच्या बसमधून खेळणाऱ्यालाही बोया तोच असतो.

तिसरी. चुकलेला बोया अंतिम रेषेपर्यंत केव्हाही सुधारता यावा. दोऱ्याची कसोटी यंत्राला काही अवघड नाही. होडीची सगळी वाट त्याच्याजवळ नोंदलेली असतेच. माघारी फिरण्यात जो वेळ जातो तीच शिक्षा पुरे आहे.

चौथी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. धक्का लागल्यानंतर दोन-तीन सेकंद दोन्ही खेळाडूंना 'चूक माझी' असे म्हणण्याची संधी द्यावी. जो म्हणेल त्याने स्वतः सुकाणू फिरवून गिरकी घ्यावी आणि पुढे जावे. त्याला दुसरी शिक्षा नको. कोणीच म्हटले नाही तर यंत्राने निकाल द्यावा, आणि तेव्हाची शिक्षा गिरकीपेक्षा जड असावी. म्हणजे माझ्यासारखी एखादी, जिच्या बाजूने यंत्राचा निकाल जाणार होता, तीही आपणहून दोष घेऊ शकेल आणि निरपराध्याचा वेग वाचेल.

यावर आक्षेप येतील, आणि आमच्या कॅन्टीनमध्ये ते आलेही. एक मित्र म्हणाला, "'चूक माझी' असं कोण म्हणणार? सगळे गप्पच बसतील." बसोत. तरी आज जे होते तेच होईल, त्याहून वाईट काही होणार नाही. पण माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या वाडीत पोरे कबड्डी खेळतात तेव्हा पंच कोठे असतो? तरी "हात लागला" म्हणून पोरगा आपणहून बाहेर जाऊन उभा राहतोच. कॅरम खेळताना चुकून दुसरी सोंगटी हलली तर आपण स्वतःच सांगतो. जेथे सांगण्याची रीत आहे तेथे माणसे सांगतात. जेथे सर्व काही पकडणाऱ्यावर सोपवलेले असते, तेथे माणूस पकडले जाऊ नये एवढेच पाहू लागतो. आपल्याच वर्गाकडे पाहा ना! हजेरी कडक झाली की दुसऱ्याच्या नावाला 'येस मॅडम' म्हणणारे आवाज कमी होत नाहीत, ते फक्त अधिक सफाईने म्हणू लागतात. (प्राध्यापकांनी हे वाक्य वाचलेच नाही असे समजावे.)

दुसरा आक्षेप असा, की चार-पाच मिनिटांच्या खेळात एवढे बारीक नियम घातले तर नवा खेळाडू पळून जाईल. मला हे पटत नाही. नियम बारीक असला तरी पडद्यावर त्याचे रूप साधे करता येते. एक वर्तुळ, दोन शब्द आणि एक बटण. नवा खेळाडू पळतो तो नियम अधिक असल्यामुळे नव्हे, तर आपल्याला शिक्षा का झाली हे न कळल्यामुळे. परीक्षेतही कमी गुण मिळाल्याचे दुःख असतेच, पण का मिळाले हे न कळल्याचे दुःख त्याहून मोठे असते.

तिसरा आक्षेप माझ्या त्या मैत्रिणीचा: खेळ तो खेळच, त्यात एवढे काय मनावर घ्यायचे? तिला माझे उत्तर असे, की खऱ्या शर्यतीचे नियमही दगडावरची रेघ नाहीत. जागतिक संस्था ते दर चार वर्षांनी तपासून नव्याने छापते. सध्याचे १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. ज्यांचा जन्म समुद्रावर गेला ती माणसे जर दर चार वर्षांनी एकत्र बसून वळशाच्या शब्दांचा खल करतात, तर खेळ करणाऱ्यांना थोडा विचार करायला काय हरकत आहे? आणि या खेळातून पुढे खऱ्या होडीवर जाणारी मुले असतील. ती काचेवर जे शिकतील तेच पाण्यात करतील. फटीत नाक खुपसले की फायदा होतो हे शिकून एखादी मुलगी समुद्रावर गेली, तर तेथे लाकडाला लाकूड लागते, माणसाला माणूस लागतो.

माझ्या या चार सूचना मी खेळ करणाऱ्यांना इंग्रजीत लिहून कळवल्या आहेत. पत्र लिहायला मला तीन रात्री लागल्या. उत्तर अद्याप आलेले नाही. कदाचित येणारही नाही. तोवर मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. बोयाशी चूक माझी आहे असे मला दिसले की, यंत्राने काहीही म्हटले तरी, मी बाजूला होते आणि होडीची एक गिरकी घेते. मोकळ्या पाण्यात होडी गरकन फिरते, वारा शिडातून निसटतो आणि चार-पाच जण पुढे निघून जातात. त्यांच्यापैकी कोणालाही ती गिरकी कशासाठी होती हे कळत नसावे. तिसरा क्रमांक मला त्यानंतर पुन्हा मिळालेला नाही.

१ ऑगस्टला वडिलांची बोट पुन्हा पाण्यात गेली. निघताना त्यांनी विचारले, "काय गो, कितवी आलीस?" मी सांगितले, "अकरावी." ते हसले आणि म्हणाले, "बरं आहे. मागे नऊ जण आहेत." आता तांडेलाला विचारून, समुद्र शांत झाला की एकदा मला बोटीवर नेणार आहेत, असे त्यांनी आईला सांगितले आहे. आई अजून 'हो' म्हणालेली नाही.

वाचकांपैकी जे कोणी हा खेळ खेळत असतील त्यांनी माझा नियम वापरून पाहावा आणि खेळ करणाऱ्यांना एकेक पत्रही लिहावे. मराठीत लिहिले तरी चालेल. वाचायला कोणीतरी सापडेलच. आणि जे खेळत नसतील त्यांचे काय? बोये त्यांच्याही वाटेत आहेत. तेथे वळताना शेजारच्याला जागा द्यावी, आणि ती द्यायची राहिली तर निदान तसे सांगावे, एवढेच मला म्हणायचे आहे.